बाबांच्या नावावरची बॅटरी

अधिक महिन्याने घात केला, असं खिएम पुढे कितीतरी दिवस सांगत राहिला. घात त्याच्याच अर्धवट हिशोबाने केला होता. पण पंचांगावर खापर फोडलेलं बरं असतं, पंचांग उलटून बोलत नाही.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. नवव्या महिन्याची तृतीया. तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे यंदाचं वर्षश्राद्ध सप्टेंबरच्या अखेरीस पडणार, असं त्याने उन्हाळ्यातच मनाशी ठरवून टाकलं. म्हणून गाडीची बॅटरी तपासायला माणूस कधी पाठवू, असं कंपनीने विचारलं तेव्हा त्याने बिनधास्त तेवीस ऑक्टोबर सांगून टाकली. मध्ये अख्खा अधिक महिना बसलाय हे आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण केली तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. खूण नेमकी तेवीस ऑक्टोबरवर होती. तारीख बदलायला गेला तर पुढचा नंबर थेट तेतनंतरचा, म्हणजे नववर्षाचा सण उलटल्यावरचा. आणि तेतनंतर सा देकच्या फुलांना कुत्रं विचारत नाही.

"सहीच करायची आहे ना?" बाबांचे धाकटे भाऊ ताम काका म्हणाले. पडवीत बसून ते नव्या शर्टाच्या कॉलरशी झगडत होते. "मग तुला एवढा घाम कशाला फुटलाय?"

"काका, हळू बोला. आई आत आहे."

"हळूच बोलतोय. माझा आवाजच असा आहे. तुझ्या बाबांचाही असाच होता. नाकही हेच. टक्कल त्यांना जरा जास्त होतं, पण टोपी घातली की कोण बघतंय?" त्यांनी कॉलर सोडून दिली. "फक्त आपलं ठरलंय ते विसरू नकोस. जुनी बॅटरी माझी."

"ती कंपनी परत नेते हो."

"का नेते? तुम्हाला चालत नाही म्हणून ना बदलताय?"

"गाडीला चालत नाही. तिच्यात अजून साठ-पासष्ट टक्के दम आहे. ते लोक तसल्या शंभर बॅटऱ्या एकत्र बांधून कुठल्या तरी कारखान्यात दिवसाची वीज साठवायला लावतात."

"बघ! त्यांना कळतं आणि तुला कळत नाही. माझ्या ताटव्यांखालचा पंप त्या दमावर सात वर्षं चालेल. दिवसा छपरावरून भरायची, पहाटे पाणी सोडायचं."

"काका, ती आपली नाहीच आहे!"

"मग मी तरी कुठे लुओंगदादा आहे?" काका शांतपणे म्हणाले.

गोष्ट अशी होती. बाबांनी सहा वर्षांपूर्वी ही विजेची गाडी घेतली ती बॅटरीशिवाय. गाडी आपली, बॅटरी कंपनीची, दरमहा बारा लाख डोंग भाडं. अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना कंपनीने लिहून दिलं होतं की करार ज्याच्या नावावर आहे तो असेपर्यंत भाडं वाढणार नाही, आणि बॅटरीचा दम सत्तर टक्क्यांखाली गेला तर दुसरी फुकट. नव्या गिऱ्हाइकाला आता पंचवीस लाख पडत होते. म्हणून बाबा गेल्यावर खिएमने कंपनीला काही कळवलंच नाही. बाबांचा फोन ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून ठेवला आणि दर महिन्याला त्यातूनच भाडं भरलं. कंपनीच्या दृष्टीने ह्युन व्हान लुओंग, वय एकाहत्तर, ठणठणीत होते.

"चार वाजता येणार आहे," खिएम म्हणाला. "तोवर पाहुणे गेलेले असतील. तुम्ही दोन घोट कमी घ्या म्हणजे झालं."

*

स्वयंपाकघरात खिएमची बायको लान्ह कारल्यात सारण भरत होती, आणि नणंदबाई कान थोहून नुकत्याच आल्या होत्या. थोआताई आली की आधी हातातलं सामान खाली ठेवायची आणि मग मनातलं. आज सामानात कागदाची मोटार होती. निळी, हातभर लांब, बाबांच्या नावाने जाळायला आणलेली.

"दार उघडतं बघ हिचं," ती म्हणाली. "आणि यात बॅटरी मालकीची आहे. निदान तिकडे तरी त्यांना भाडं पडायला नको."

लान्हला हसू आलं आणि रागही आला. गेली पाच वर्षं ती या घराची गाडी चालवत होती. खिएम परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा बसायला तयार नव्हता. शेवंतीच्या कुंड्या सायगॉनला पोचवायच्या तर एकशे चाळीस किलोमीटर. नवी होती तेव्हा गाडी एका दमात जाऊन उरायची. आता एकशे वीसवर धापा टाकते. वाटेत दोन तास चार्जिंगला उभं राहायचं, उन्हात. तेवढ्यात कडेच्या कुंड्या माना टाकतात आणि व्यापारी भावाची मान मुरगाळतो. तेतच्या आधीचे सहा आठवडे हीच या घराची कमाई. बॅटरी बदलली नाही तर यंदा गाडी दारात आणि फुलं ताटव्यावर.

"मी त्याच दिवशी बाबांना सांगितलं होतं," थोआताई सुरू झाली. हे सगळ्यांना पाठ होतं. "घोडा विकत घेताय आणि पाय दुसऱ्याचे, असला सौदा कोण करतं? तेव्हा सोळा कोटी घातले असते तर आज कुणाचं मिंधं राहायला नको होतं."

"सोळा कोटी कुठून घालणार होते, ताई? बागेची वर्षभराची फुलं विकली तरी तेवढे होत नाहीत."

"मी देत होते की! घेतले नाहीत. मुलीचे कसे घ्यायचे!" थोआताईने कोथिंबीर सुरीखाली अशी घेतली की जणू कोथिंबिरीचाच काही गुन्हा होता. "बरं, आज तो माणूस येणारय, त्याला काय सांगणार आहात?"

लान्हचा हात थांबला. "तुम्हाला माहितीय?"

"ताम काकांनी मला तीनदा विचारलं, बाबांची सही तिरकी होती की सरळ. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तिने आवाज खाली घेतला. "आईला माहितीय?"

"नाही."

"मग देवच वाचवो."

*

माणूस चारला येणार होता, तो पावणेअकराला आला. रस्ता मोकळा मिळाला म्हणे. नाव बांग, वय पस्तीसच्या आतबाहेर, कंपनीचा सदरा, काखेत टॅब. पडवीत पंधरा-वीस माणसं, चुलीवर नारळपाण्यात मांस आणि अंडी रटरटताहेत, हे बघून तो फाटकातच थबकला.

"काही कार्य आहे का? मी मागाहून येतो."

"हो हो, मागाहून या," खिएम त्याच्या दिशेने जवळजवळ धावतच गेला. "नाही तर असं करू, गाडी इकडे मागे आहे, इकडूनच..."

पण तोवर आई, म्हणजे न्यानबाई, उंबऱ्यात आल्या होत्या. न्यानबाईंच्या दारात श्राद्धाच्या दिवशी आलेला माणूस, मग तो विजेचं बिल घेऊन आलेला का असेना, न जेवता परत जाणं शक्य नव्हतं. विहारात दर पौर्णिमेला भिक्खू गाऊन जे निरूपण सांगतात, त्यातलं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं हेच होतं: आला तो पाठवलेला, त्याला परत पाठवू नये.

"ये बाळ. चांगल्या वेळी आलास. आधी उदबत्ती लाव, मग बस."

थोआ स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. गावाकडच्या प्रत्येक पोराला हे दुधाबरोबर पाजलेलं असतं: श्राद्धाच्या घरी गेलं की पहिली पावलं वेदीकडे. आणि वेदीवर, केळी आणि शेवंतीच्या मध्ये, बाबांचा फोटो होता. फोटोखाली सोनेरी अक्षरांत नाव होतं.

"आई, ते कामाला आलेत," खिएम म्हणाला. "त्यांना घाई असेल."

"उदबत्तीला किती वेळ लागतो?"

"नाही, म्हणजे... धूर. काही लोकांना धुराचा त्रास होतो."

"मला नाही होत हो," बांग सौजन्याने म्हणाला आणि चपला काढू लागला.

खिएम एखाद्या शहाण्यासारखा वाटेत उभा राहिला. लान्ह शेवंतीचं मोठं तबक घेऊन आतून झपाझप गेली आणि फोटोसमोर ठेवू लागली. पण न्यानबाईंनी "अगं, त्यांचा चेहरा झाकला ना!" म्हणून ते आपल्या हाताने बाजूला सरकवलं. आणि ताम काका, ज्यांना चार वाजेपर्यंत दोन घोट कमी घ्यायला सांगितलं होतं, ते टोपी घालून पुढे आले, छाती काढली आणि म्हणाले:

"मीच लुओंग. कुठे सही करायची?"

पडवीत कुणाच्या तरी हातातली जेवायची काडी वाटीवर टणकन वाजली.

बांगने हातातल्या तीन उदबत्त्यांकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग काकांकडे. मग पुन्हा फोटोखालच्या नावाकडे. आधी त्याने उदबत्त्या पेटवल्या, कपाळाशी नेल्या, तीनदा वाकून वाळूत खोवल्या. थोआला त्या क्षणी तो माणूस आवडला आणि भावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"काका," बांग वळून हळूच म्हणाला, "आपण स्वतःच्या श्राद्धाला फार वेळेवर आलात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यानबाई हसल्या नाहीत.

*

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

खिएमने सांगायला सुरुवात केली ती भाड्यापासून, मग अधिक महिन्यावर गेला, मग महागाईवर. "तेरा लाख वाचत होते, आई. दर महिन्याला! कुणाचं नुकसान केलं आपण? एवढ्या मोठ्या कंपनीचं?"

"म्हणजे वर्षभर तू त्यांना सांगत होतास की तुझे बाबा आहेत."

"सांगत नव्हतो. नाहीत असं सांगितलं नाही, एवढंच."

न्यानबाई वेदीच्या कडेला टेकल्या. रात्री-अपरात्री ड्रॉवरमधला फोन किणकिणायचा आणि त्या दचकून उठायच्या. सून म्हणायची, जाहिरात असेल. एकदा त्यांनी चष्मा लावून वाचलं होतं: 'प्रिय लुओंगसाहेब, आपला प्रवास सुखाचा होवो.' त्या दिवशी त्या विहारात जाऊन तासभर बसल्या होत्या. वर्षात एकदाही ते स्वप्नात आले नव्हते. त्यांना वाटायचं, आपल्याच नामस्मरणात खोट आहे.

"अरे, ज्याला वाटेला लावायचं त्याला तू महिन्याच्या महिन्याला हाका मारून दारात उभा करत होतास? तेही बारा लाखांसाठी?"

"तेरा," खिएम चुकून म्हणाला.

"वहिनी," ताम काकांनी टोपी काढून समजुतीचा सूर लावला, "देह तरी कुठे आपला असतो? तोही भाड्याचाच. मालकाने मागितला की द्यायचा. भिक्खू काय गातात..."

"मग भाड्याच्या देहाने दुसऱ्याचं नाव सांगायला लाज नाही वाटली? आणि तुम्हाला काय मिळणार होतं यात?"

काकांनी खिएमकडे पाहिलं. "जुनी बॅटरी," खिएम पुटपुटला. "पंपाला."

"अरे देवा!" न्यानबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्या बांगकडे वळल्या. "बाळ, हे माझे यजमान. वर्ष झालं त्यांना जाऊन. लिही तसं. घरातल्या कुणाला लिहायला जमलं नाही, तू लिही."

बांगने टॅब उघडला. त्याचाही चेहरा वैतागलेलाच होता. "काकू, तारीख लागेल. सरकारी."

इथे पुन्हा गोंधळ झाला. तृतीया सगळ्यांना ठाऊक होती. सरकारी तारीख कुणी तीन म्हणालं, कुणी सात. थोआ म्हणाली, शुक्रवार होता. खिएम म्हणाला, पाऊस होता.

"पाच ऑक्टोबर," लान्ह म्हणाली. "शनिवार. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. कान थोच्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा गाडीत अकरा टक्के राहिले होते." ती वेदीकडे बघत नव्हती. "बाबा मागच्या सीटवर होते. मला म्हणाले, सावकाश चालव, बॅटरी आपली नाहीये. चेष्टा करत होते."

बांगने तारीख भरली. मग पडद्यावर काहीतरी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" थोआने विचारलं.

"ताई, न सांगितलेलंच बरं."

"सांगा."

"मूळ गिऱ्हाईक वारलं तर करार बायकोच्या नावावर होतो. भाडं तेच राहतं. फक्त वर्षाच्या आत कळवायचं. पाच ऑक्टोबरला मुदत संपली." त्याने बोटांवर मोजलं. "अठरा दिवस झाले."

"म्हणजे," थोआ एकेक शब्द तोलून म्हणाली, "हा शहाणा नुसता खरं बोलला असता, तर आयुष्यभर बारा लाख."

"आईच्या आयुष्यभर, हो."

थोआ भावाकडे वळली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं.

"अधिक महिना..." खिएम म्हणाला.

"नाव काढू नकोस त्याचं!" तिघी एकदम म्हणाल्या.

*

लान्हने हात पुसले आणि बांगसमोर येऊन बसली. तिच्या नवऱ्याने आणि चुलत सासऱ्याने मिळून जे कडबोळं केलं होतं त्याचा तिला इतका कंटाळा आला होता की भीतीच उरली नव्हती.

"बॅटरी बदलणार की नाही, एवढं सांगा."

"बदलणार. ती कंपनीची आहे, कंपनीची वस्तू थकलीय. पण करारावर जिवंत माणूस पाहिजे. आणि भाडं नवं."

"पंचवीस लाख?"

"किंवा किलोमीटरवर. जेवढं चालेल तेवढं. किंवा विकतच घ्या, सोळा कोटी."

"घेऊन टाक," थोआताई पटकन म्हणाली. ती लान्हच्या शेजारी येऊन बसली होती, भावाकडे पाठ करून. "निम्मे मी देते. बाबांनी घेतले नाहीत, तू घे. उद्या पुन्हा कुणाच्या कलमात सापडायला नको."

लान्हने तिच्या हातावर हात ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"नको ताई. विकत घेतली की तिचं म्हातारपणही आपल्याच गळ्यात. सहा वर्षांनी सोळा कोटींचा दगड, आणि ताम काकांचा एक पंप. वर्षातले दहा महिने मी गावातल्या बाजारापलीकडे जात नाही. दोन महिने जीव तोडून पळते. किलोमीटरवर घेते. थंड महिन्यांत भाडं थंड राहील." ती बांगकडे वळली. "पण दोन आठवड्यांत बदलून पाहिजे. तेतनंतरचा नंबर मला सांगू नका."

"तसं आश्वासन मी..."

"तुम्ही माझ्या सासऱ्यांना उदबत्ती लावलीय. त्यांच्यासमोर सांगा."

बांगने फोन काढला, कार्यशाळेतल्या कुणाशी तरी पाच मिनिटं हुज्जत घातली, आणि सहा नोव्हेंबर मिळवली.

"अगं, पण मला न विचारता?" खिएम म्हणाला. "करार घराचा आहे. नाव माझं लागेल."

"अहो, गाडी चालवता येते का तुम्हाला?"

"तो प्रश्न वेगळा."

"तिचंच नाव लागेल," न्यानबाई म्हणाल्या.

बांगने टॅब लान्हसमोर धरला. नाव, जन्मतारीख, परवाना. सगळं भरून झालं. शेवटच्या रकान्याशी ती अडखळली. आधीच्या गिऱ्हाइकाशी नातं. खाली चार चौकोन होते: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, इतर.

"सून नाहीये यात," ती म्हणाली.

"सून 'इतर'मध्ये येते," बांग म्हणाला. "भाड्यात फरक पडत नाही त्याने. नुसती नोंद."

लान्हने 'इतर' पुन्हा एकदा वाचलं. मग तिने बोट पुढे केलं.

"थांब," न्यानबाई म्हणाल्या. "मुलगी दाब."

"काकू, ते खोटं होईल," बांग कळवळून म्हणाला. "आत्ताच तर तुम्ही..."

"त्या दिवशी त्यांना दवाखान्यात कोणी नेलं? या घरातली माणसं मी चाळीस वर्षं ओळखते. आज सकाळपासून इथे कुणी काय खोटं सांगितलं ते मला मोजून दाखवता येईल. हे त्यात येत नाही."

लान्हचं बोट तसंच हवेत राहिलं. ते पुढेही जाईना, मागेही येईना. तेव्हा थोआताईने तिच्या खांद्यावरून हात घातला, आणि लुओंगबाबांच्या सख्ख्या लेकीने 'मुलगी'वर जोरात बोट दाबलं.

"मग मी कोण?" खिएम वैतागून म्हणाला. "या घरचा जावई?"

"जावई असतास तर बरं झालं असतं," आई उठता उठता म्हणाली. "जावई वर्षातून एकदाच येतो."